दोन फुटी भिंत आणि माडीवरचा राउटर

साताऱ्याचं आमचं घर जुनं आहे, भिंती दोन फुटी, दगडमातीच्या. राउटर ओसरीवर आणि माझं काम माडीवर. वाय-फायचा 5 गिगाहर्ट्झचा सिग्नल मधल्या खोलीतच मान टाकायचा. 2.4 चा वरपर्यंत यायचा, पण मीटिंगमध्ये आवाज तुटायचा. आधी जिन्यात रिपीटर, म्हणजे सिग्नल पकडून पुढे पाठवणारा डबा, लावून पाहिला. पण त्याला मुळात मिळायचा तोच सिग्नल अर्धमेला, तो पुढे काय देणार?

मग सरळ 25 मीटर कॅट-6 ही नेटवर्कची केबल आणली. विजेच्या वायरीपासून लांब, जिन्याच्या कडेकडेने वर नेली. टोकाला कनेक्टर बसवणं हे खरं निगुतीचं काम. आठ तारा सुट्या करून, बोटांनी सरळ करून ओळीने धरायच्या: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. मग एका रेषेत कापून आत सरकवायच्या आणि क्रिंपरने, म्हणजे कनेक्टर दाबून बसवायच्या पकडीने, दाबायचं. जोडल्यावर नेट आलं, पण वेग 100 एमबीपीएसच्या वर जाईना. कनेक्टर उजेडात धरला, तर शेवटची तपकिरी तार टोकापर्यंत पोचलीच नव्हती. 100 ला तारांच्या दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला (म्हणजे 1000 ला) चारही लागतात. टोक कापून पुन्हा बसवलं आणि 1000 चा लिंक आला.

वर जुना राउटर जोडला. नेट सुरू झालं, आणि संध्याकाळी बाबांची हाक आली, "अगं, तू पाठवलेली प्रिंट आलीच नाही." प्रिंटर खालच्या राउटरवर, 192.168.1 ने सुरू होणाऱ्या नेटवर्क-पत्त्यांत. माझा लॅपटॉप वरच्याच्या 192.168.0 मध्ये. दोन राउटर आपापले पत्ते वाटत होते, म्हणून एका घरात दोन नेटवर्कं झाली होती आणि लॅपटॉपला प्रिंटर दिसत नव्हता. वरच्याला 192.168.1.2 हा पत्ता दिला (खालचा शेवटचा आकडा 100 पासून पुढे असलेले पत्ते वाटतो, त्यामुळे टक्कर नाही), त्याचं डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटणं, बंद केलं आणि केबल वॅन (बाहेरच्या नेटच्या) पोर्टमधून काढून लॅनमध्ये (घरातल्या नेटवर्कच्या पोर्टमध्ये) घातली. प्रिंटर लगेच दिसला.

दोन्हीकडे वाय-फायचं नाव आणि पासवर्ड एकच ठेवला. 2.4 साठी खाली चॅनेल 1, वर 11, म्हणजे दोघांचे सिग्नल एकमेकांत मिसळत नाहीत.

वरच्या राउटरच्या पाठीवर पट्टी चिकटवून मार्करने लिहून ठेवलंय: "192.168.1.2. डीएचसीपी बंद. केबल लॅनमध्येच." कधी रीसेट झाला आणि मी घरी नसले, तर बाबांना उपयोगी पडेल.