वाम माशाच्या पोटातली निळी चिंधी

तापीकाठच्या एका भोईबाबांकडून मी संशोधनासाठी मासे घेते. चोपडा तालुक्यातला हा भाग, दोन्ही अंगांना केळी. "पोरी, मासाना पोटमा काय शोधस?" बाबा दर खेपेला विचारायचे. प्लास्टिक, म्हटलं की गप्प व्हायचे.

त्या सकाळी प्रयोगशाळेत एका वाम माशाचं आतडं तयार होतं. ते १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये ६० अंशांवर दोन दिवस ठेवलेलं. त्यात मांस विरघळून जातं, प्लास्टिक शाबूत राहतं. द्रावण गाळलं, गाळणकागद सूक्ष्मदर्शकाखाली सरकवला आणि मधोमध चार मिलिमीटरची निळी चिंधी दिसली. तापलेली सुई जवळ नेली, तशी कड आक्रसून वितळली. प्लास्टिकच. शेजारी उघडी ठेवलेली कोरी बशीही तपासली, कारण हवेतले, आपल्याच कपड्यांचे धागे नमुन्यात हमखास पडतात. ती स्वच्छ निघाली.

पण कशाचं? मला वाटलं, साडीचा नाहीतर दोराचा धागा असेल. दुपारी झाकणबंद बशी घेऊन मी नदीवर गेले. बाबांनी ती उन्हाकडे धरली. "हाई ते घडनी पिशवी शे!"

केळीच्या घडाला घालतात ती स्कर्टिंग बॅग! बांधावर पडलेल्या एका पिशवीचा तुकडा कापून आणला आणि दोन्ही शेजारी ठेवून पाहिले. कापडात धागे विणलेले असतात; इथे दोन्हीकडे धागे अस्ताव्यस्त, आणि ठरावीक ठिकाणी उष्णतेने दाबून एकमेकांना चिकटवलेले. रंगही तोच. माझ्या अंगावर काटा आला.

ही पिशवी पॉलिप्रॉपिलीन नावाच्या प्लास्टिकची. ते पाण्याहून हलकं, तरंगायला हवं. पण शेवाळ, गाळ चढला की बुडतं आणि तळाशी चरणाऱ्या वामच्या तोंडी लागतं. समुद्रातही हेच घडतं. शेवाळ धरलेल्या प्लास्टिकला खाद्यासारखा वास येतो, म्हणून काही समुद्रपक्षी ते गिळतात. पोट भरल्यासारखं वाटतं, पोषण शून्य. ५ मिलिमीटरहून लहान अशा कणांना 'मायक्रोप्लास्टिक' हे नाव रूढ झालं ते ब्रिटिश सागरी जीवशास्त्रज्ञ रिचर्ड थॉम्पसन यांच्या २००४ च्या शोधनिबंधामुळे, आणि तो निबंध समुद्राबद्दलच होता.

आपली तापी सुरतेजवळ अरबी समुद्राला मिळते. वाटेत उकाईचं धरण आहे, बराच गाळ तिथे अडतो. पुरात दरवाजे उघडले की पाण्यासोबत काय काय पुढे जात असेल, हे मला आता मोजायचं आहे.

निघताना बाबांनी जाळ्याच्या कडेला अडकलेल्या निळ्या चिंध्या वेचून माझ्या हातात दिल्या. एक मूठ भरली.