फुटाला अडीच इंच

गेली दोन वर्षे आमच्या पडवीत एक इंजिन उभे आहे. उभे आहे असे म्हणायची पद्धत. एरवी चाके टोपलीत, सांगाडा बाकावर आणि बॉनेट झोपाळ्यावर अशीच त्याची वाटणी झालेली असते. रत्नागिरीजवळच्या आमच्या गावात इंजिन म्हटले की लोकांना एक तर होडीचे आठवते नाही तर कोकण रेल्वेचे. माझे या दोहोंपैकी कोणतेच नाही. इंग्लंडातल्या वीटभट्ट्यांत आणि खडीच्या खाणींत दोन फुटी, म्हणजे एकमेकांपासून दोन फूट अंतरावरच्या, रुळांवरून लोखंडी वाघिणी ओढत आयुष्य काढणाऱ्या, बेडफर्डच्या मोटर रेल कंपनीने बांधलेल्या ‘सिम्प्लेक्स’ जातीच्या छोट्या डिझेल इंजिनाची ती प्रतिकृती आहे.

“करायचेच होते तर राजधानीचे करायचे होते,” असे शेजारचे आप्पा पहिल्याच दिवशी म्हणाले, आणि त्यांचे म्हणणे अगदीच चूक नव्हते. सिम्प्लेक्सला रूप म्हणून काही नाही. दोन जाड लोखंडी पट्ट्या, त्यांवर एक पेटी, पेटीत स्टॅफर्डच्या डॉर्मन कंपनीचे दोन सिलिंडरांचे इंजिन आणि शेजारी चालकाचे बाकडे. पण त्या बाकड्यावरच माझा जीव जडला. ते रुळांना आडवे असते. खाणीत गाडी वळवायला जागा नसते, म्हणून जितक्या वेळा पुढे जायचे तितक्याच वेळा मागे यायचे. तेव्हा चालक एका कुशीकडे तोंड करून बसतो आणि नुसती मान फिरवून दोन्ही दिशा पाहतो. गिअरबॉक्सही तशीच, दोन्ही दिशांना सारखाच वेग देणारी. या इंजिनाला पुढचे टोक आणि मागचे टोक हा भेदच ठाऊक नाही. एखादी वस्तू केवळ कामाच्या गरजेतून घडली की ती कशी दिसते, हे मला त्या एका बाकड्यात दिसले.

त्याचा पूर्वेतिहास मात्र भट्टीतला नाही, रणांगणावरचा आहे. पहिल्या महायुद्धात खंदकांपर्यंत दारूगोळा पोहोचवण्यासाठी साठ सेंटिमीटर रुंदीचे हलके रूळ टाकले होते. वाफेच्या इंजिनाचा दिवसा धूर दिसे आणि रात्री आगीचा उजेड, आणि शत्रूच्या तोफांना तेवढी खूण पुरे होई. म्हणून आघाडीलगतच्या शेवटच्या टप्प्यात वीस आणि चाळीस अश्वशक्तीची पेट्रोलवरची सिम्प्लेक्स इंजिने धावत. युद्ध संपल्यावर त्यांतली कित्येक स्वस्तात विकली गेली आणि खाणींत, भट्ट्यांत, शेतमळ्यांवर कामाला लागली. डिझेलवर चालणारी भावंडे त्यानंतरची.

मी निवृत्त गणित-शिक्षक असल्यामुळे माझे काम अर्थातच भागाकारापासून सुरू झाले. स्वार होता येईल अशा प्रतिकृतींसाठी पाच इंची रूळ रूढ आहेत. मूळ रुळांची रुंदी चोवीस इंच. चोवीस भागिले पाच म्हणजे ४.८. दुसऱ्या शब्दांत, मूळच्या प्रत्येक फुटाला अडीच इंच. अठरा इंची चाक पावणेचार इंचांचे झाले, सव्वा इंचाची चाकाची कड पाव इंचाहून थोडी अधिक भरली. सगळे कागदावर इतके गोड बसले की लोखंडालाही भागाकार कळतो, असा माझा काही आठवडे गोड गैरसमज होता.

चाके कातून घेण्यासाठी मी मिरकरवाड्याकडच्या एका लेथवाल्याकडे गेलो. त्याचा सारा जन्म होड्यांचे शाफ्ट आणि पंखे दुरुस्त करण्यात गेलेला. राउंड बार लावून त्याने पहिले चाक काढायला घेतले आणि ड्रॉइंगवर बोट ठेवून विचारले, “सर, हा टेपर पाहिजे आहे, का कागदावर चुकून पडलाय?” चाकाचा रुळावर टेकणारा भाग सपाट नसतो, विसास एक या उताराने तो बाहेरच्या बाजूला किंचित निमुळता होत जातो. तोंडी सांगून हे पटेना. तेव्हा मी चहाचे दोन कागदी कप घेतले, ते तोंडाला तोंड लावून चिकटपट्टीने जोडले आणि दोन समांतर सळ्यांवर मुद्दाम वाकडे सोडले. कप जरासे डुलले, मधोमध आले आणि शेवटपर्यंत सरळ गेले. जोडी ज्या बाजूला सरकते त्या बाजूचे चाक मोठ्या घेरावर फिरते, त्याच फेऱ्यात अधिक अंतर कापते आणि जोडीला परत मध्यावर ढकलते. लेथवाल्याने तो प्रयोग स्वतःच्या हाताने तीनदा केला, गिऱ्हाईक ताटकळत ठेवून केला, आणि मग एक शब्द न बोलता चारही चाके अशी कातून दिली की कॅलिपरला खोड काढता येऊ नये. ते जोडकप अजून त्याच्या फळीवर आहेत.

भागाकाराचा पहिला विश्वासघात वजनाने केला. लांबी ४.८ पटीने घटली की वजन त्याच्या घनाने, म्हणजे सुमारे ११० पटीने घटते. चार टनांच्या इंजिनाची प्रतिकृती छत्तीस किलोंची व्हायला हवी. माझी बावीसच भरली. ई-सायकलची २४ व्होल्टची मोटर, बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आणि सायकलची साखळी असा आतला संसार. बेडूक फुगावा तशी वरची पेटी मोठी, आणि आत पोकळी. पडवीपासून विहिरीपर्यंत किंजळीच्या तुकड्यांचे स्लीपर टाकून मी चौदा मीटर रूळ घातले आहेत. विहिरीकडून परतताना पंचविसास एक असा चढ लागतो. मागच्या ट्रॉलीवर मी बसलो की त्या चढावर चाके जागच्या जागी गरगरत. पोलादी चाक पोलादी रुळावर स्वतःवरच्या वजनाच्या साधारण पाचव्या हिश्शाइतकी ओढ देते. बावीस किलोंना साडेचार किलोंच्या आतलीच ओढ मिळणार. मूळ सिम्प्लेक्सच्या दोन्ही टोकांना बिडाची मोठाली वजने बोल्टने आवळलेली असत ती याचसाठी. मी जाळ्यांना लावायच्या शिशाच्या गोळ्या चौदा किलो आणल्या, पत्र्याच्या डब्यांत भरल्या आणि दोन्ही टोकांना बसवल्या. तेव्हापासून ते मला ओढते. कुरकुरत, पण ओढते.

दुसरा विश्वासघात अधिक सूक्ष्म आहे आणि त्याला उपाय नाही. इंजिनाला वाघीण जोडायच्या कपलिंगची साखळी मी कडी कडी मोजून केली. इंजिन स्थिर असताना काढलेला फोटो पाहून कोणीही फसावे. पण ते चालू लागले की साखळी मूळच्यापेक्षा दुपटीहून जास्त घाईने झुलते. लंबकाचा आवर्तनकाळ लांबीच्या वर्गमुळावर ठरतो, हे मी तीस वर्षे नववी-दहावीच्या वर्गांत फळ्यावर लिहीत आलो, ४.८ चे वर्गमूळ २.१९. लोखंड लहान करता येते, गुरुत्वाकर्षण करता येत नाही. ती साखळी झुलताना दिसली की मला एखाद्या हुबेहूब नकलाकाराची बोलीच नेमकी चुकावी तसे वाटते.

आणि तिसरा गंज. समुद्र घरापासून दोन किलोमीटरवर आहे आणि खारा वारा प्रमाणबिमाण काही मानत नाही. मागच्या श्रावणात सांगाड्यावर दोन-दोन मिलिमीटरचे खड्डे पडले. दोन मिलिमीटर म्हणजे फार काही नव्हे असे वाटेल. पण मूळ इंजिनाच्या हिशेबात तो जवळजवळ एक सेंटिमीटरचा खड्डा होतो, आणि असे यंत्र मुकादमाने कधीच भंगारात काढले असते. शेवटी मी खरा गंज पॉलिश पेपरने घासून काढला, दोन हात प्रायमर मारला आणि मग मूळच्या इंजिनाला शोभेल एवढाच खोटा गंज गेरू आणि वॉर्निश कालवून बारीक कुंचल्याने रंगवला. आप्पा खुर्ची ओढून हे पाहत बसले होते. “पहिलाच काय वाईट होता?” एवढेच ते म्हणाले.

संध्याकाळी कधी कधी लांबून रेल्वेचा आवाज येतो. १९९८ च्या जानेवारीत सबंध मार्ग सुरू झाला तेव्हापासून डिझेलची ती चढावर धापा टाकणारी लय आमच्या कानांत बसली होती. २०२२ मध्ये विद्युतीकरण पुरे झाले आणि आता बहुतेक गाड्या गुमान निघून जातात. माझेही तेच झाले आहे म्हणा. बाहेरून डिझेल, आतून वीज, आणि एक्झॉस्टच्या नळीतून धुराऐवजी कोळ्याचे जाळे.

यंदा मृगाच्या आधीच मी इंजिन खोलले, सांधे ग्रीसने भरले आणि सगळे भाग माजघरातल्या लाकडी कपाटात खालच्या कप्प्यात मांडून दमट हवेवर उपाय म्हणून आत साठ वॅटचा बल्ब लावला. चार दिवसांनी पाहतो तो वरच्या फळीवर पापडांचे तीन डबे, फेण्या आणि आमसुलांची बरणी. “अहो, नाही तरी बल्ब जळतोच आहे,” आतून आवाज आला, “आणि त्या तुमच्या ग्रीसच्या डब्याला झाकण घाला, फेण्यांना वास लागेल.”