चौथा उद्गार माझ्या वाट्याला आला तेव्हा

आमच्याकडं गुड फ्रायडेला दुपारी बारा ते तीन उपासना असते, येशूनं वधस्तंभावरून काढलेले सात उद्गार, आणि एकेका उद्गारावर मंडळीतला एकेक माणूस बोलतो. आता यात वाटणीचं थोडं राजकारण असतंच. पहिला, 'हे बापा, त्यांना क्षमा कर', तो बहुतेक पाळकसाहेबांकडं. दुसरा चोराचा, तो तरुण संघातल्या एखाद्या पोराला देतात कारण त्यात गोष्ट आहे, बोलायला सोपं जातं. तिसरा आईचा, तो महिला मंडळाचा, वर्षानुवर्षं ठरलेला. पाचवा 'मला तहान लागली आहे', त्यावर तर लातुरात कुणीही उठून बोलू शकतं, २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं आमच्या गावाला, तेव्हापासून ती रेल्वे दर गुड फ्रायडेला पाचव्या उद्गारात येतेच येते. सहावा-सातवा जुन्या लोकांचा. चौथा मात्र कुणी मागून घेत नाही. 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?' तो ज्याच्या गळ्यात पडेल त्याच्या.

२०२५ ला तो माझ्या गळ्यात पडला. सेक्रेटरी काकांचा फोन आला, "बाळा, चौथा तुझ्याकडं टाकलाय, पंधरा मिनटं बोल, लांबवू नको, तीनच्या आत संपाया पाहिजे." मी हो म्हणलो आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ तसाच बसून राहिलो, कारण चार वर्षं झाली मी दर रविवारी चर्चला जातोय, गाणी म्हणतोय, प्रभुभोजन घेतोय, पण प्रार्थनेला डोळे मिटले की पलीकडं कुणी ऐकतंय का नाही तेच मला कळत नाही, आणि ही गोष्ट बायको सोडून कुणालाच माहीत नव्हती.

हे कधीपासून झालं ते मला नीट सांगता येतं. २०२१ चा एप्रिल. आई अठरा दिवस दवाखान्यात होती. त्या महिन्यात काय परिस्थिती होती ते सगळ्यांनीच बघितलंय, त्यावर लिहीत नाही. आमच्या मंडळीनं फोनवर चेन प्रार्थना लावली होती, प्रत्येकाला एकेक तास, रात्री तीन ते चार माझा. मी गच्चीवर जाऊन करायचो. इतक्या मनापासून मी आयुष्यात काही मागितलं नव्हतं. एकोणिसाव्या दिवशी सकाळी आई गेली.

आई गेली म्हणून माझा विश्वास गेला असं कुणाला वाटेल, पण तसं नाही. आया सगळ्यांच्याच जातात. बिनसलं ते त्यानंतर दीड महिन्यानं. बाहेरून एक प्रचारक आले होते, कुठले ते सांगत नाही, आमच्या घरी भेटीला आले, चहा घेतला, अण्णांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणले, "एवढ्या लोकांची प्रार्थना असताना असं झालं म्हणजे घरात कुणाचा तरी विश्वास डळमळीत होता भाऊ, शोधा." शोधा! जसं काही किल्ली हरवली आहे. मी त्या रात्री खरंच शोधायला लागलो. कोणत्या रात्री गच्चीवर मला झोप आली होती, कोणत्या रात्री मोबाईल बघितला होता, बाविसाव्या मिनिटाला मनात काय आलं होतं. आणि असं शोधता शोधता एक दिवस लक्षात आलं, की जो देव माझ्या झोपेचा हिशोब आईच्या श्वासावर काढतो, त्याच्यावर विश्वास असावा अशी माझी इच्छाच नाहीये.

एकदा एक धागा उसवला की बाकीचे आपोआप निघतात. कॉलेजात मित्र चेष्टेत म्हणायचे, "तुम्ही काय, दुष्काळात धान्यासाठी बाटलेले." तेव्हा राग यायचा, भांडायचो पण. आता तेच वाक्य आतून यायला लागलं. पणजोबा बीडकडचे, नगरच्या सीमेला लागून गाव, बाप्तिस्मा कधी झाला ते घरात कुणाला धड माहीत नाही, पण दुष्काळाच्या साली झाला एवढं माहीत आहे. मग माझा विश्वास म्हणजे काय, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी एका माणसाच्या पोटात पडलेली भाकरी? आईकडचं बघावं तर तिकडं उलटंच. तिचं माहेर जालन्याचं, तिथं नारायण शेषाद्री म्हणून ब्राह्मण घरातला माणूस, १८४३ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला, पुढं जालन्याजवळ बेथेल नावाचं अख्खं गाव वसवलं. त्यांना काही भाकरी कमी नव्हती, उलट घरदार, जात सगळं गेलं. म्हणजे भुकेनं येणारे आले आणि भरल्या ताटावरून उठून येणारे पण आले, यातून सिद्ध काहीच होत नाही. आणि खरं सांगू का, भुकेल्या माणसाला जो जेवू घालतो त्याच्या देवाबद्दल त्याला ओढ वाटली तर त्यात लाज वाटण्यासारखं काय आहे, हे मला पस्तिशी उलटल्यावर कळलं. तेवढा एक धागा मी परत शिवला. बाकीचे तसेच लोंबत होते.

यूट्यूबवर देव आहे हे सिद्ध करून दाखवणारे व्हिडिओ असतात, ते पण बघितले. नाही हे सिद्ध करणारेही बघितले. दोन्हीकडचे लोक फार हुशार आहेत. डोक्याला दोन्ही पटायचं आणि रात्री दोनला दोन्हीचा काही उपयोग नसायचा.

तर चौथ्या उद्गाराची तयारी. बायबल उघडलं आणि पहिल्यांदा लक्षात आलं की मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या २७ व्या अध्यायात ते वाक्य आधी मराठीत नाहीच, 'एली, एली, लमा सबख्थनी' असं आहे. लहानपणी आम्ही संडे स्कूलमधे हे मंत्रासारखं पाठ म्हणायचो. म्हणजे लिहिणाऱ्यानं सगळं ग्रीकमधे लिहिलं पण इथं आल्यावर त्याला भाषांतरावर भागवता आलं नाही, माणूस कळवळून आपल्या घरच्या बोलीत जसं ओरडतो तसं ठेवलं. आणि खाली उभ्या असलेल्यांना तेही धड ऐकू आलं नाही, ते म्हणतात हा एलीया संदेष्ट्याला हाक मारतोय! दुसरं म्हणजे ते वाक्य जुन्या करारातल्या २२ व्या स्तोत्राची पहिली ओळ आहे. म्हणजे येशूला त्या क्षणी स्वतःचे शब्द सुद्धा सुचले नाहीत, त्यानं लहानपणापासून पाठ असलेली तक्रार म्हणली.

मग मी वेड्यासारखा अशाच जागा शोधत सुटलो. १५० स्तोत्रांत तक्रारीची स्तोत्रं किती आहेत ते बघा एकदा, आणि आपण चर्चमधे त्यातली किती वाचतो ते पण बघा. ८८ वं स्तोत्र तर सरळ अंधारात संपतं, शेवटी 'तरी पण मी तुझी स्तुती करीन' असलं काही नाही. कारागृहातला बाप्तिस्मा करणारा योहान, ज्यानं स्वतः येशूला यार्देनेत बाप्तिस्मा दिला, तो निरोप पाठवतो की जो यायचा तो तूच का आम्ही दुसऱ्याची वाट बघावी? सगळं गमावून बसलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ गप्प बसले तोवर बरे होते, तोंड उघडलं आणि आमच्याकडं आलेल्या प्रचारकासारखे बोलायला लागले, तुझंच काहीतरी चुकलं असणार म्हणून. आणि शेवटच्या अध्यायात देव रागावतो कुणावर? मित्रांवर. म्हणतो की ईयोब माझ्याबद्दल बरोबर बोलला, तुम्ही नाही. हे वाचल्यावर मी एकटाच मोठ्यानं हसलो. चार वर्षांत बायबल वाचताना पहिल्यांदा.

येशूच्या बारा शिष्यांतल्या थोमाबद्दल सगळेच बोलतात, अविश्वासी थोमा. बिचाऱ्याला नावच पडलं. पण योहानाच्या शुभवर्तमानाच्या २० व्या अध्यायात एक साधी गोष्ट आहे, बाकीच्यांनी मेलेल्यातून उठलेल्या प्रभूला पाहिलं होतं, यानं नव्हतं, हा म्हणला जखमांत बोट घातल्याशिवाय मानणार नाही, आणि आठ दिवसांनी ते परत घरात जमलेत तर थोमा त्यांच्यात आहे. कुणी त्याला हाकललं नाही, तोही उठून गेला नाही. आठ दिवस न मानणारा माणूस मानणाऱ्यांच्यात जेवत-झोपत असणार. आणि परंपरा अशी की इसवी सन ५२ ला केरळात सुवार्ता घेऊन आला तो हाच. म्हणजे आपल्या देशाच्या वाट्याला बारांतला नेमका शंकेखोर आला! मत्तयाचा शेवटचा अध्याय तर मी शंभरदा ऐकलाय, 'जा आणि सर्व राष्ट्रांतील लोकांना शिष्य करा', मिशनच्या प्रत्येक कॅलेंडरवर १९ वी ओवी असते. १७ वी कुणी छापत नाही. तिथं लिहिलंय की उरलेल्या अकरा शिष्यांनी त्याला पाहून नमन केलं, पण कित्येकांना संशय वाटला. आणि तो त्या संशयवाल्यांना बाजूला काढत नाही, सगळ्यांना मिळूनच पाठवतो.

पंडिता रमाबाईंबद्दल पण या निमित्तानं पुन्हा वाचलं. १८८३ ला इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला आणि लगेच तिथल्या सिस्टर लोकांशी त्रैक्यावरून, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव या शिकवणीवरून, वाद घालायला लागल्या, मला जे पटत नाही ते मी मानते असं म्हणणार नाही म्हणून. आणि याच बाईनं पुढं केडगावात बसून, हिब्रू-ग्रीक शिकून, आख्खं बायबल मराठीत आणलं, छापून पूर्ण झालं १९२४ ला, तोवर त्या जाऊन दोन वर्षं झाली होती. मदर तेरेसांची पत्रं २००७ ला बाहेर आली, त्यात कितीतरी वर्षं आत नुसता काळोख असल्याचं लिहिलंय. मला आधी वाटायचं असल्या गोष्टींनी धीर येतो. मला नाही आला. एवढंच वाटलं, की बरं, खोलीत आणखी माणसं आहेत.

गुड फ्रायडेच्या आदल्या रविवारी, झावळ्यांच्या रविवारी, दुपारी अण्णा आणि मी दोघंच घरी होतो. मी वहीत काहीतरी खरडत होतो. अण्णा म्हणले, "काय लिहायलास?" मी म्हणलो चौथा उद्गार. आणि मग का कुणास ठाऊक, सगळं सांगून टाकलं. प्रचारकाचं, गच्चीचं, सगळं. अण्णा झेडपीचे रिटायर मास्तर, वय चौऱ्याहत्तर, मंडळीतले जुने सभासद, मला वाटलं आता प्रवचन होणार.

अण्णा बराच वेळ गप्प. मग म्हणले, "मी किल्लारीला गेलतो, तुला आठवतंय का."

मला आठवत होतं, मी आठ वर्षांचा होतो. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं, आदल्या रात्री गणपती विसर्जन, लोक दमून झोपलेले. आमच्या घरातली भांडी पडली आणि आम्ही सगळे रस्त्यावर आलो. तिथं किल्लारी-सास्तूरच्या बाजूला दगडामातीच्या दोन-दोन फुटी भिंती आणि वर मातीचे माळवद, तेच अंगावर आलं. जवळजवळ दहा हजार माणसं. मंडळीनं कपडे, पीठ, चादरी गोळा केल्या आणि टेम्पोतून अण्णा आणि आणखी चौघं गेले. पाच दिवसांनी आले. एवढंच मला माहीत होतं.

"पाऊस होता," अण्णा म्हणले. "लाकडं ओली. एका शाळेतल्या माझ्या ओळखीच्या मास्तरचं..." पुढं बोलले नाहीत. मग म्हणले, "घरी आलो, तुझ्या आईनं ताट वाढलं, म्हणली प्रार्थना करा. मला शब्दच फुटंना. आभार कशाचे मानू? तिनंच म्हणली मग. तवापासून तीच म्हणायची."

मी नुसता बघत राहिलो. कारण आमच्या घरात जेवणाची प्रार्थना कायम आईच म्हणायची, बाकीच्यांच्या घरी वडील म्हणायचे, आणि मला लहानपणापासून वाटायचं ही आमच्या घरची पद्धत आहे. आई गेल्यापासून आम्ही न बोलता जेवतो, तेही मला वाटायचं दुःखामुळं. अठ्ठावीस वर्षं हा माणूस ताटावर मान खाली घालून बसत होता आणि मला पत्ता नाही.

"मग अण्णा, तुम्ही चर्चला का जात राहिलात?"

"ती म्हणायची, मी आमेन म्हणायचो," अण्णा म्हणले. "आमेन खरं होतं माझं." आणि उठून पाणी प्यायला गेले.

१८ एप्रिलला ऊन असं होतं की चर्चचे पंखे गरम हवा फेकत होते. माझी पंधरा मिनिटांची वही तयार होती. उभा राहिलो, वाक्य वाचलं, मग २२ वं स्तोत्र वाचलं, आणि सांगितलं की हा उद्गार मला मागच्या चार वर्षांत रोज म्हणावासा वाटलाय, आणि ज्याला ज्याला तसं वाटतं त्यानं उठून जाऊ नये, इथंच बसावं, कारण हे वाक्य बोलणारा माणूस आज आपल्या पुढं टांगलेला आहे. किल्लारीचं काही बोललो नाही, ते अण्णांचं आहे. सगळं मिळून पाच मिनिटं झाली असतील. सेक्रेटरी काका खूश, वेळ वाचला म्हणून. मागच्या बाकावरच्या एका मावशींनी बाहेर पडताना माझा हात धरला, काही म्हणल्या नाहीत, घट्ट धरला आणि सोडला. तरुण संघातला एक पोरगा म्हणला, "दादा, असं बोलायला चालतं का?" मी म्हणलो मला माहीत नाही रे, आता बोललो ना.

माझी शंका गेली का? नाही. अजून डोळे मिटले की तसंच आहे, कधी वाटतं कुणीतरी आहे, बहुतेक वेळा काहीच नाही. फरक एवढाच की आता ते त्यालाच सांगतो, असला तर.

त्या दिवशी उपास होता, संध्याकाळी सगळे एकत्र जेवायला बसलो. बायकोनं भाकरी, पिठलं, ठेचा केला होता. कुणी काही बोलेना. मग मी आई म्हणायची तीच प्रार्थना सुरू केली, अर्ध्यात आलो आणि मधली ओळ आठवेना, भुकेल्यांच्या घरी काहीतरी होतं त्यात. मी अडकलो तसं अण्णांनी माझी वाट न बघता आमेन म्हणून भाकरीचा तुकडा मोडला.