ओळ कवीने तोडली की टर्मिनलने?

मागच्या वर्षी जूनमध्ये आईचं खुब्याचं ऑपरेशन झालं आणि मी तीन महिने राजापूर तालुक्यातल्या आमच्या गावी राहिले. दिवाळी अंकाच्या कामाचाही तोच मोसम. एका अंकाचा कविता विभाग माझ्याकडे असतो आणि ऑगस्टअखेर सगळ्या कविता जुळणीला जाव्या लागतात. गावात मोबाइलला रेंज फक्त पडवीच्या एका टोकाला. पावसाने जोर धरला की तीही नाही. ब्राउझरमध्ये मेल उघडायला घ्यावी तर पानच उघडायचं नाही.

माझा भाचा सर्व्हर सांभाळायचं काम करतो. त्याने फोनवर सांगत सांगत वेगळीच व्यवस्था लावून दिली. मेल एका भाड्याच्या लहान सर्व्हरवर उतरवायची, तिथेच मट नावाचा मेल वाचायचा प्रोग्राम चालवायचा आणि लॅपटॉपवरून मॉशने, म्हणजे दूरच्या संगणकाशी जोडणाऱ्या प्रोग्रामने, जोडून घेऊन फक्त पडदा बघायचा. मट १९९५ सालचा, मायकल एल्किन्स यांनी लिहिलेला. त्यात बटणं नाहीत, चित्रं नाहीत, सगळं काम कीबोर्डवर. जाते-येते ती नुसती अक्षरं. मॉशचं वैशिष्ट्य असं की रेंज गेली तरी जोडणी तुटत नाही. परत आली की आपण होतो तिथेच असतो. पहिल्या संध्याकाळी, बाहेर धो धो पाऊस पडत असताना, मेलची यादी पटकन समोर आली तेव्हा मला खरोखर भरून आलं.

मग ती वाचायला घेतली.

टर्मिनलचा, म्हणजे नुसत्या अक्षरांवर चालणाऱ्या खिडकीचा, पडदा म्हणजे चौकटींची वही. ८० रकाने, २४ ओळी. १९७८च्या व्हीटी१०० यंत्राने रूढ केलेलं हे माप. एका चौकटीत एक अक्षर, हा हिशेब इंग्रजीच्या मापाचा. आपल्या ‘कविता’ शब्दात वेलांटी दिसते ‘व’च्या आधी, पण संगणकात साठवली जाते ‘व’नंतर. माझा टर्मिनल साठवलेल्या क्रमानेच चौकटी भरत होता. त्यामुळे वेलांटी ‘व’च्या पुढे, ठिपक्यांच्या वर्तुळाला चिकटलेली. ‘प्रतिक्रिया’ तर प, हलन्त, र अशी सुटी सुटी पडलेली. शिवाय कोणतं अक्षर किती जागा घेतं याचा हिशेब मट वेगळा करतो आणि टर्मिनल वेगळा. तो जुळला नाही की आधीच्या ओळीची शेपटं पडद्यावर तशीच राहतात. कंट्रोल-एल दाबून पडदा नव्याने काढायचा, हे दिवसातून पन्नासदा.

एमएलटर्म हा बहुभाषिक टर्मिनल घातल्यावर जोडाक्षरं जुळली, वेलांटी जागेवर आली. पण कर्सर एका अक्षरावर दिसायचा आणि खोडलं जायचं शेजारचं. हे काही मला सुधारता आलं नाही. उत्तरं मी बाहेर, मजकूर लिहायच्या साध्या एडिटरमध्ये लिहून इथे चिकटवत गेले.

यादीत पाठवणाऱ्याच्या नावाला मटमध्ये मुळात १५ रकाने मिळतात. आपलं आडनाव शेवटी. आधी स्वतःचं नाव, मग वडिलांचं किंवा नवऱ्याचं, आणि आडनावाशी येईतो जागा संपलेली. तीन कवींचं पहिलं नाव एकच होतं, कोणता मेल कोणाचा ते कळेना. मांडणीत बदल करून ३० रकाने दिले, तर विषयाला जेमतेम २५ उरले. मी नावाला दिलेलं तसंच ठेवलं; कवितेच्या मेलला बहुतेक जण विषय ‘कविता’ एवढाच लिहितात.

कीबोर्डची सवय व्हायला सर्वात जास्त दिवस लागले. मी इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्ड-मांडणीत टंकते. मेल पाठवायची कळ ‘वाय’. मराठी चालू असताना तिथे ‘ब’ उमटतो आणि मट म्हणतो, ही कळ कशालाच बांधलेली नाही. उलट प्रकार जास्त धोक्याचा. एकदा एडिटरमध्ये आहे असं समजून मी यादीवरच टाइप करत गेले, कीबोर्ड इंग्रजीवर होता, आणि हलन्तासाठी दाबलेल्या ‘डी’ने दोन मेल खोडायच्या खुणेखाली गेल्या. खूण म्हणजे लगेच खोडणं नव्हे, ‘यू’ दाबून त्या परत घेता आल्या. तरी त्या रात्री झोप लागली नाही.

पण खरी चूक माझ्या लक्षातच आली नव्हती. एका कवीची मुक्तछंदातली दीर्घ कविता आली होती. मेल एचटीएमएलमधली, म्हणजे वेबपानासारखी, म्हणून मट ती डब्ल्यू३एम या अक्षरी ब्राउझरकडून साध्या मजकुरात उतरवून दाखवत होता. एक ओळ लांब, पुढची दोन-तीन शब्दांची, परत लांब. वाचताना अडखळायला होत होतं. मी टिपणात लिहिलंसुद्धा, ‘ओळी विनाकारण तोडल्यात’. तिसऱ्यांदा वाचताना दिसलं की प्रत्येक लांब ओळ उजव्या कडेला जाऊनच मोडतेय.

वेगळं काही सांगितलं नाही तर डब्ल्यू३एम ८० रकान्यांत बसेल असा मजकूर तोडून देतो. मट स्वतः ओळ दुमडतो तेव्हा पुढच्या तुकड्याच्या सुरुवातीला अधिकची खूण ठेवतो. पण मजकूर त्याच्याकडे आधीच तुटून आला, तर त्याला त्या कवीच्याच ओळी वाटणार. मलाही वाटल्या. कोणत्या प्रकारचा मजकूर कोणत्या प्रोग्रामने उघडायचा हे सांगणाऱ्या मेलकॅप फाइलमध्ये डब्ल्यू३एमला ४०० रकाने दिले आणि कविता पुन्हा उघडली. ओळी पडद्यावर मोडत होत्याच, पण जिथे मोडल्या तिथे ‘+’ होतं. कवीच्या ओळी निघाल्या ३१. मी ५८ वाचत होते.

त्याआधी सात कविता मी अशाच वाचून हातावेगळ्या केल्या होत्या, दोन तर साभार परत पाठवल्या होत्या. सातही पुन्हा वाचल्या. परत केलेल्या दोघांनाही काय घडलं ते लिहून माफी मागितली. त्यातली एक कविता अंकात घेतली.

जुळणीच्या वेळी ती ३१ ओळींची कविता अंकाच्या स्तंभातही मावेना. मी जुळणीकारांना फोन करून सांगितलं, ओळ मोडावीच लागली तर पुढचा तुकडा दोन एम, म्हणजे साधारण दोन अक्षरांइतका, आत सरकवा, म्हणजे ती ओळ कवीने तोडलेली नाही हे वाचणाऱ्याला दिसेल.