चवीचे दहा गुण
(माजी विद्यार्थिनी, दहावी १९८९)

नववीच्या वर्गातला तो फळा मला अजून दिसतो. मराठीच्या बाईंनी त्यावर खडूने तीन रकाने आखले होते. शब्द, चाल आणि चव. प्रत्येकाला दहा गुण. पहिल्या दोन रकान्यांवरून कुणी भांडलं नाही. तिसऱ्यावरून आम्ही दोन आठवडे भांडत होतो.

१९८७ च्या स्नेहसंमेलनात प्रत्येक वर्गाला एक विषय मिळाला होता. आमच्या चिठ्ठीत निघालं, ‘खाण्यापिण्याची गाणी’. वेळ वीस मिनिटं, गाणी पाच. मधल्या सुट्टीत भाकरी आणि शेंगाचटणी खाता खाता आम्ही वहीत पंचवीस-तीस गाणी उतरवली आणि खूश झालो. निवडायला बसलो तेव्हा कळलं की खाण्याचं गाणं कशाला म्हणायचं, हेच आमचं ठरलेलं नाही.

रेल्वे कॉलनीतल्या मुलांनी माडगूळकरांची ‘झुकझुक अगीनगाडी’ धरून ठेवली होती. आपल्या कुर्डुवाडीत तेव्हा बार्शी लाइटची छोटी गाडी धावत होती, तिची शिट्टी थेट वर्गात ऐकू यायची. त्यांना ते गाणं घरचंच वाटणार. पण माझी बाकशेजारीण म्हणाली, ‘‘मामी सुगरण आहे आणि पोळी-शिकरण, गुलाबजाम करते, एवढंच आहे त्यात. बाकी सगळं गाडीचं आणि मामाच्या गावाचं. पदार्थाचं नाव आलं की झालं का ते खाण्याचं गाणं?’’ त्या प्रश्नाने आमच्या यादीतली निम्मी गाणी गळाली. तूप-रोटीवाला चांदोबाही गेला. मला त्याचं फार वाईट वाटलं होतं.

अरणकडून सायकलवर येणारा एक मुलगा होता. वर्गात फारसा बोलायचा नाही. तो उभा राहिला आणि त्याने सावतोबांचा, म्हणजे त्यांच्या अरणच्या संत सावता माळींचा, ‘कांदा मुळा भाजी’ म्हणून दाखवला, चालीवर, शेवटपर्यंत. लगेच हरकत निघाली की हा तर अभंग, आणि यात कुणी काही खातच नाही, भाजी अजून मळ्यातच आहे. तो म्हणाला, ‘‘त्यातच ‘मोट नाडा विहीर दोरी’ आहे. पाणी काढलंच नाही तर तुम्ही खाणार काय?’’ त्यांच्या मळ्यात तोवर इंजिन आलं होतं, पण विहीर आजोबांच्या वेळचीच होती. अभंगाला शब्दांचे दहापैकी दहा मिळाले. चवीचा रकाना मात्र रिकामाच राहिला, कारण चव म्हणजे काय यावर एकमत होईना.

एका गटाचं म्हणणं, ऐकून तोंडाला पाणी सुटलं पाहिजे. दुसऱ्या गटाचं म्हणणं, करायची रीत कळली पाहिजे. बाई बराच वेळ ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘‘प्रत्येक गाण्याला दोन प्रश्न विचारा. हे कुणी केलं? आणि कुणी खाल्लं?’’

त्यानंतर बहिणाबाईंच्या ओळी वेगळ्याच ऐकू आल्या. ‘आधी हाताला चटके, तेव्हा मिळते भाकर.’ मी आदल्याच दिवशी म्हणाले होते की हे गाणं संसाराचं आहे, भाकरी नुसती दृष्टांतापुरती आली आहे. तेव्हा एक मुलगी म्हणाली, ‘‘जिने कधी भाकरी थापली नाही, तिला हा दृष्टांत सुचणारच नाही.’’ आमच्यातल्या बऱ्याच जणी घरी भाकरी करायला लागल्या होत्या. मी स्वतः बोटं भाजून घेतली होती. मी माझी हरकत मागे घेतली.

खरी लढाई झाली ती हादग्याच्या गाण्यांवरून. हस्त नक्षत्रात शाळेत हादगा व्हायचा. पाटावर हत्ती, भोवती फेर, आणि शेवटी खिरापत ओळखायची. ती गाणी मुलींना तोंडपाठ, मुलांनी नुसती लांबून ऐकलेली. ‘कारल्याचा वेल’ घ्यायचं की नाही यावर दोन तास गेले. वेल लावण्यापासून भाजी करण्यापर्यंत सगळं त्यात आहे, पण सुनेचं मन कारल्यात कुठे असतं? ते माहेरात असतं. सासू वेलापासून भाजीपर्यंत एकेक काम पुढे करून तिचं माहेर लांबवत राहते. हे गाणं खाण्याचं नव्हे, वाट बघण्याचं, असं माझं मत होतं आणि आजही आहे. तरी ते पाचांत आलं.

आणि ‘अक्कण माती चिक्कण माती’. त्याबद्दल कुणाचं दुमत नव्हतं. मातीत खड्डा खणायचा, जातं रोवायचं, सपीट काढायचं, करंज्या करायच्या, तबकात ठेवायच्या, वर शेला झाकायचा. मातीपासून तबकापर्यंतचा एवढा सलग प्रवास आमच्या वहीतल्या दुसऱ्या कुठल्याच गाण्यात नव्हता. वर्ग झाडायला आलेल्या मावशी दारात थांबून ऐकत होत्या. त्यांनी सांगितलं की सपीट असं जात्यातून सरळ पडत नाही. गहू ओलवून, फडक्यात दडपून ठेवायचा, मग दळायचा आणि वस्त्रगाळ करायचा. ‘‘गाण्यात तेवढं राहिलंय बघा,’’ असं म्हणून त्या झाडू लागल्या. बाईंनी ते फळ्यावर एका कडेला लिहून ठेवलं.

मग आम्ही बाईंचे दोन प्रश्न विचारले. कुणी केल्या करंज्या? तिने. कुणी खाल्ल्या? पालखीत घालून माहेरी धाडल्या. कशासाठी? त्याचं उत्तर शेवटच्या ओळींत होतं आणि लहानपणापासून आम्ही ते टाळ्यांच्या ठेक्यात म्हणत आलो होतो. ‘अस्सं माहेर सुरेख बाई, खायाला मिळतं. अस्सं सासर द्वाड बाई, कोंडून मारितं.’

मी म्हणाले, संमेलनात या ओळी नकोत. पुढच्या रांगेत पाहुणे असणार, मागे सगळ्यांच्या आया, आज्या, सासवा बसणार. करंज्यांपाशीच थांबू, गोड होईल. मला ते मनापासून पटत होतं. बाकशेजारीण उसळली. ‘‘जिने एवढं सगळं केलं, तिला तिथे खायलाच मिळत नाही. ती ओळ काढलीस तर नुसती करंज्यांची कृती उरते.’’ मी म्हणाले, गाणं खाण्याचं आहे, सासुरवासाचं नाही. ती म्हणाली, ‘‘उपाशी माणसाइतकं खाण्याबद्दल कोण बोलतं?’’ आमचं ते भांडण घरी जाताना स्टेशनपर्यंत चाललं. दुसऱ्या दिवशी ती माझ्यासाठी शेंगाचटणीची पुडी घेऊन आली, पण मत तिने बदललं नाही. वर्गात हात वर करून मतं घेतली. मी दोन मतांनी हरले.

संमेलनाच्या रात्री मैदानावर थंडी होती. अरणचा अभंग झाला, टाळ्या पडल्या. बहिणाबाई झाल्या. ‘अक्कण माती’ शेवटचं. आम्ही फेर धरला. ‘तबकात ठेवाव्या’पर्यंत मंडपात खालून नुसता ठेका ऐकू येत होता. ‘माहेरी धाडावी’ला बायकांच्या बाजूने आवाज यायला लागला. आणि ‘खायाला मिळतं’ला आख्खी बाजू म्हणत होती. आम्ही थांबलो, पेटी थांबली, तरी बायका शेवटच्या दोन ओळी पुन्हा म्हणत होत्या. पाहुण्यांनी मागे वळून बघितलं. माझी आई चौथ्या रांगेत होती. आईला घराबाहेर मोठ्याने गाताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

घरी येताना अंधारात ती बराच वेळ गप्प होती. फाटकाजवळ आल्यावर म्हणाली, ‘‘तबकात कुठलं गं. आम्ही दुरडीत ठेवायचो.’’