तुम्ही विचारलंत म्हणून: कोल्हा की कोल्ही?

माझ्या दवाखान्यात लहान मुलांना सुई टोचायच्या आधी मी एक गोष्ट सांगायला घेते. गोष्ट रंगेपर्यंत सुई टोचून झालेली असते. गोष्ट बहुतेक वेळा बश्कीर कोल्हीची असते, आणि ती ऐकून मुलांच्या आया मला हमखास दोन प्रश्न विचारतात. आपल्याकडे कोल्होबा असतात, मग तुमच्या गोष्टीत कोल्ही कशी? आणि इतकी लबाडी करून शेवटी तिचंच भलं होतं, यातून पोरांनी काय घ्यायचं? दोन पेशंटांच्या मधल्या वेळात याचं नीट उत्तर देता येत नाही, म्हणून आज लिहायला बसले.

मी डॉक्टरकी शिकले ती उफा शहरात. उफा ही बाश्कोर्तोस्तानची राजधानी. हा प्रदेश रशियात, उरल पर्वताच्या दक्षिण टोकाकडे. बश्कीर लोक तुर्की कुळातली भाषा बोलतात आणि धर्माने मुसलमान आहेत. वर्गातली एक बश्कीर मुलगी एका फेब्रुवारीत सुट्टीला मला बेलोरेत्स्ककडच्या डोंगरातल्या तिच्या गावी घेऊन गेली. बाहेर उणे पंचवीस. घरात तिची आजी. आजीला तिकडे ‘ओलासाय’ म्हणतात, मीही तेच म्हणायला लागले. ओलासायने समोवारमधून, म्हणजे पाणी उकळायच्या तोटीच्या भांड्यातून, चहा ओतला आणि त्यात दूध घातलं. उफाच्या वसतिगृहात दीड वर्षं काळा चहा प्यायलेल्या मला तो दुधाचा चहा बघून काय वाटलं ते मराठी माणसाला वेगळं सांगायला नको.

त्या रात्री तिने गोष्ट सुरू केली ती अशी: ‘बोरोन-बोरोन झामांदा…’ म्हणजे फार फार पूर्वीच्या जमान्यात. तो ‘झामान’ आपलाच जमाना आहे. मग नात रशियन करून सांगत गेली. एक म्हातारा मासे पकडून घसरगाडीवरून घरी चालला होता. वाटेत बर्फात कोल्ही मेल्यासारखी पडलेली. म्हाताऱ्याला वाटलं, वा, बायकोच्या कोटाला कॉलर झाली. उचलून त्याने तिला माशांवर टाकलं. कोल्हीने एकेक मासा मागच्या मागे रस्त्यावर सोडला आणि शेवटी स्वतःही उतरली. ती मासे खात असताना लांडगा आला. मला दे म्हणाला. ती म्हणाली, नदीच्या बर्फात भोक पाड, शेपूट सोड आणि रात्रभर हलू नकोस. सकाळी शेपूट बर्फात घट्ट. पाण्याला आलेल्या बायकांनी लांडग्याला खांद्यावरच्या कावडींनी बडवला. शेपूट तिथेच ठेवून तो पळाला.

ही गोष्ट रशियनांकडे आहे आणि युरोपातही दूरवर आहे. रशियनमध्ये ‘लिसा’ हा शब्द स्त्रीलिंगी आणि लांडगा पुल्लिंगी, त्यामुळे एका बाईने एका भोळ्या बाप्याला फसवल्याचा रंग गोष्टीला आपोआप चढतो. बश्कीर भाषेत कोल्ह्याला ‘त्योल्क्यो’ म्हणतात. तुर्की, कझाक, किर्गीझ, उझबेक, सगळ्यांकडे थोड्या फरकाने हाच शब्द आहे. आणि या भाषांना लिंगच नाही. तो, ती, ते, तिन्हींसाठी बश्कीरमध्ये एकच शब्द, ‘उल’. ओलासायच्या तोंडी कोल्हाही उल, लांडगाही उल, म्हाताराही उल. म्हणजे माझी कोल्ही बश्कीर नाही, ती मला रशियनमधून मिळाली. तशीच ती जिभेवर बसली आणि मी ती बदलली नाही, एवढंच पहिल्या प्रश्नाचं खरं उत्तर.

थोडं आणखी खोलात जायचं तर आपला कोल्हा हा मुळात वेगळाच प्राणी आहे. पंचतंत्रातले करटक आणि दमनक ज्या जातीचे, रात्री शिवारात हुकी देणारा तो हा. त्योल्क्योचं खरं नातं आपल्या खोकडाशी. माळावर राहणारं, झुपकेदार शेपटीचं, लहानखुरं खोकड. आमच्याकडे ‘ते खोकड’ म्हणतात, आणि तो नपुंसकलिंगी ‘ते’ मला ‘उल’च्या फार जवळचा वाटतो. शेतावरून आलेल्या मुलांना मी खोकडच म्हणते. शहरातल्या मुलांना शब्दच माहीत नसतो, तिथे कोल्ही. बश्कीरांकडेही दोन शब्द आहेत. डोंगरातला लाल तो त्योल्क्यो, आणि दक्षिणेच्या गवताळ मैदानातला फिकट, छोटा तो ‘कारहाक’. हेच नाव शेजारच्या भाषांत ‘कारसाक’ आहे आणि तेच प्राणिशास्त्राच्या लॅटिन नावात जाऊन बसलंय.

आता दुसरा प्रश्न. तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

गोष्ट चालू असताना मी मधेच विचारलं होतं, म्हाताऱ्याने ती मेली की जिवंत हे बघितलं का नाही? ओलासाय काही बोलली नाही. उठली आणि कोपऱ्यातली पेटी उघडली. पेटीला ते ‘हांदिक’ म्हणतात, म्हणजे आपली संदूक. आतून तिने नवऱ्याची टोपी काढली. वर जाड कापड, आणि कडेला, कानांवर, मानेवर कोल्ह्याची फर. तिने माझा हात धरून बोटं त्या फरीत खुपसली. वरचे केस लांब, तांबूस आणि जरा राठ. त्यांच्या खाली राखाडी लव, इतकी दाट की बोटाला कातडं लागेना. मग ती टोपी माझ्या डोक्यावर घातली, आणि दिवसभर दुखणारे माझे कान दोन मिनिटांत ऊबले.

ती फर हाताला लागली तेव्हा म्हातारा मला कळला. त्याला रस्त्यात कोल्ही दिसलीच नव्हती, कॉलर दिसली होती. तिकडच्या हिवाळ्यात तिची कातडी सगळ्यांनाच हवी असायची. ताज्या बर्फात घोड्यावरून पाठलाग करून तिला मारत, ‘ब्योर्क्योत’ म्हणजे सोनेरी गरुड हातावर बसवून त्याच्याकडून धरवत. सोळाव्या शतकाच्या मध्याला बश्कीर मुलूख मॉस्कोच्या सत्तेखाली आला आणि ‘यासाक’ नावाचा कर बसला. तो मधात आणि फरीत भरायचा: मार्टेन, बीव्हर आणि कोल्हा. हा कर 1754 साली उठला, पण त्या बदल्यात मीठ सरकारकडूनच विकत घ्यायची सक्ती आली आणि पुढच्याच वर्षी बंड पेटलं. म्हणजे जवळजवळ दोनशे वर्षं तिथल्या रानात सरकारचा कर चार पायांवर फिरत होता. जिच्या पाठीवर टोपी, कॉलर आणि राजाचा वसूल आहे, तिने जगायचं कसं? गोष्टीतली कोल्ही तीच कातडी आमिष म्हणून रस्त्यात पसरते. माणसाच्या ज्या हावेने तिला मरायचं, त्याच हावेवर ती त्या दिवशी जेवते. मला ही युक्ती आजवर ऐकलेल्या सगळ्या गोष्टींत धीट वाटते.

बश्कीरांच्या श्रद्धांमध्ये मात्र तिला मानाचं पान नाही. 922 साली तिथून गेलेल्या इब्न फदलान या बगदादच्या खलिफाच्या दूताने सापाला, माशाला, करकोच्याला पुजणारे बश्कीर असल्याचं लिहून ठेवलंय. लांडग्याचा मान तर मोठाच. ‘बाशकोर्त’ या नावाचा अर्थच लोक ‘मुख्य लांडगा’ असा लावतात, तो वाटाड्या होऊन पूर्वजांना उरलपर्यंत घेऊन आला असं सांगतात. आणि त्याच लांडग्याची शेपूट गोष्टीत एक कोल्ही घालवते! पूज्य प्राण्यालाही गोष्टीत फसता येतं, याचं त्या घरात कुणालाच काही वाटत नव्हतं. मला ते फार आवडलं.

मी तेव्हा नातीला म्हटलं होतं, फारच लबाड आहे ही. तिने भाषांतर केलं: ‘हायलाकार’. ओलासायने मान हलवली आणि शब्द बदलला: ‘अकिल्ली’. अकिल म्हणजे अक्कल. अकिल्ली म्हणजे ज्याला ती आहे तो. हा शब्द समजायला मला भाषांतर लागलं नाही. तेव्हापासून मी ‘लबाड कोल्ही’ म्हणत नाही, अक्कलवाली म्हणते, आणि आयांनाही तेच सांगते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पाण्याला चाललो होतो. नदीपलीकडच्या पांढऱ्या उतारावर एक तांबूस ठिपका थांबलेला दिसला. मान वाकडी, कान पुढे. बर्फाखालच्या उंदराचा कानोसा घेत होता. मग तो उंच उडाला आणि नाकावर बर्फात घुसला, फक्त पांढऱ्या टोकाची शेपूट वर राहिली. बाहेर आला तेव्हा तोंडात काहीतरी काळं होतं. मी ओलासायला मोडक्यातोडक्या रशियनमध्ये विचारलं, नर की मादी?

तिने कावड दुसऱ्या खांद्यावर घेतली. “त्योल्क्यो,” म्हणाली.