आईने आखलेले समास

रविवार, रात्र

आज कपाट आवरताना ती वही हाती लागली. वही कसली, जुन्या वह्यांतली उरलेली कोरी पानं. वार्षिक परीक्षा संपली की बाबा आम्हा तिघांच्या वह्या पुढ्यात घेऊन बसायचे, कोरी पानं अलगद सोडवायचे आणि दाभणाने टोचून जाड दोऱ्याने शिवायचे. म्हणून हिच्यात एक पान दुरेघी, पुढचं चौकटींचं, त्यापुढचं साधं. नवी वही घ्यायची ऐपत नव्हती. पण बाबांनी शिवलेली वही उघडताना जो आनंद व्हायचा, तो नंतरच्या कुठल्याच खरेदीत मिळाला नाही.

या वहीत आम्ही बहिणाबाईंच्या कविता उतरवल्या होत्या. पुस्तक वाचनालयाचं, सात दिवसांत परत करायचं. मग ठरलं, अख्खं उतरवून काढायचं. पानं उलटताना अक्षर बदलत जातं: माझं किरटं, ताईचं टपोरं, धाकट्याचं रेघ सोडून वर चढणारं. एका पानावर रॉकेलचा डाग आहे. चिमणी जवळ ओढताना सांडलेलं. त्या उजेडात चार डोकी एकमेकांना टेकलेली असायची.

चौथं डोकं आईचं. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. ती पट्टी धरून समास आखायची आणि ऐकायची. एका रात्री मी तिला सांगितलं, या बाईंनाही अक्षरओळख नव्हती. त्या रचत गेल्या, त्यांचा मुलगा सोपानदेव टिपून ठेवायचा, आणि पुस्तक निघालं ते त्या गेल्यावर, १९५२ साली. आईचा हात पट्टीवरच थांबला. बऱ्याच वेळाने म्हणाली, "पोरानं ऐकलं म्हणून राहिलं बघ."

तेव्हा मला त्यात काही वाटलं नाही. आज वाटलं. कामं करताना आईही काहीबाही जुळवून गुणगुणायची. आम्ही तिघं रात्र रात्र जागून पुस्तक उतरवत होतो, आणि तिचं एक अक्षर कुणी टिपलं नाही. एवढी दौलत घरात होती आणि आम्ही वाचनालयाच्या रांगेत.

वहीची शेवटची अकरा पानं कोरीच आहेत. कविता संपल्या, पण आईने समास पुढपर्यंत आखून ठेवलेत, सरळ, एकसारखे.

मघाशी ताईला फोन केला. तिला दोन ओळी आठवल्या, मला एक. धाकट्याला उद्या विचारतो. तीन ओळी पहिल्या कोऱ्या पानावर लिहिल्यात, समास सोडून.